एका श्वासापुरता मासा

एका राज्यात एक तळे होते, आणि त्या तळ्यापायी राज्याचे सिंहासन रिकामे होते. राजा मेला नव्हता, राजा तळ्यात होता. हे कसे झाले ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गोंधळ व्हायला नको.

राजा अंशुकेतू याला गळ टाकण्याचा नाद होता. इतर राजे शिकारीहून वाघ घेऊन येत, हा मात्र चिखलाने माखून रिकाम्या हाती येई, कारण धरलेला मासा तो पुन्हा पाण्यात सोडी. त्याचा नेम ठरलेला असे. आधी हात ओले करायचे, मासा दोन्ही हातांवर घ्यायचा, आपला श्वास रोखायचा, आणि श्वास आवरेनासा झाला की मासा सोडायचा. पाण्याबाहेर त्याचाही जीव तेवढाच टिकतो, असे राजा म्हणे. राणी मंजुघोषेला या नादाचा मनापासून कंटाळा होता. राजाच्या बोटांना पेंडीचा आणि मेथीचा वास येई, आणि तो चंदनाच्या उटण्यानेही जात नसे. असल्या हातांनी माझ्या वेणीला हात लावू नका, असे तिने त्याला किती वेळा बजावले असेल, त्याची गणतीच नाही.

एके दिवशी राजाच्या गळाला सोनेरी खवल्यांचा रोहू लागला. चांगला वासराएवढा होता. राजाला मोह झाला. त्याने दरबारच्या चित्रकाराला बोलावले आणि मासा हातांवर धरून चित्रासाठी उभा राहिला. चित्रकार कामाला चोख, पण भारी सावकाश. तो एकेक खवला रंगवत बसला. राजाने एक श्वास सोडला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेव्हा मासा बोलला, कारण तो मासा नव्हता, तळ्याचा मांत्रिक होता.

"राजा, तुझा श्वास केव्हाच संपला," तो म्हणाला. "आता तू पाण्यात राहा. ज्या हातांना तू सर्वांत हवा असशील, तेच हात तुला बाहेर काढतील, आणि..."

पुढचे कुणाला ऐकू आले नाही. राजा रोहू होऊन पाण्यात पडला आणि त्या आवाजात बाकीचे शब्द बुडाले.

त्या दिवसापासून तळ्यावर लाट उठली नाही. नावा जागच्या हलेनात, पाटांतून पाणी वाहीना, वाऱ्यानेही तळ्यावर यायचे सोडले. प्रधानाने हजार जाळी टाकली, त्या जाळ्यांचे शेवाळ झाले. राणी मात्र रोज सूर्य उगवताना सोन्याची गळकाठी घेऊन घाटाच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसे. तिला राज्याची चिंता होती, नाही असे नाही. पण खरे सांगायचे तर तिला तो माणूस हवा होता, त्याच्या वासासकट.

घाटासमोर पाण्यात एक खुंट होता आणि त्यावर एक खंड्या पक्षी बसे. त्याला बोलता येत असे, पण तो चार वर्षांतून एकदाच बोले. एरवी त्याचे लक्ष पाण्यात असे. राणीने त्याला पहिल्याच दिवशी विचारले, की माझा राजा माझ्या हाती कसा लागेल? खंड्याने चौथ्या वर्षी उत्तर दिले.

"तुझी काठी सोन्याची आहे. ती वाकत नाही. वाकेल ती आण."

राणी रडणाऱ्या वेळूंच्या वनात गेली. तिथे कुऱ्हाड दाखवली की वेळू हंबरडा फोडत आणि ऐकणारा दगड होई. राणीने कुऱ्हाड दाखवलीच नाही. ती एकेका वेळूपाशी उभी राहून आपले दुःख सांगत गेली. सातव्या दिवशी एक वेळू आपण होऊन वाकला आणि तिच्या हातात आला. त्याला तिने रेशमाचा दोर बांधला, दोराला शिशाचा मणी, आणि पाण्यावर उभे राहायला मोरपिसाचे देठ. मासा लागला की देठ बुडते, एवढे तिला पाहून पाहून माहीत होते. गळावर तिने मोती लावले, केशर लावले, राजाच्या आवडीचे पेढे लावले. देठ हलले नाही.

आठव्या वर्षी खंड्या दुसऱ्यांदा बोलला.

"राजाला जे आवडे ते राजाला. माशाला काय आवडते ते त्याच्या बटव्यात आहे."

राजाचा बटवा त्याच्याबरोबर पाण्यात गेला होता, आणि तळ्यात पडलेली प्रत्येक वस्तू पाताळातल्या भांडारात जाई. राणी तळ्याकाठच्या विवरातून खाली उतरली. तिथे सोन्याच्या राशींवर नाग पहारा देत होता, आणि सोन्याला हात लावलेली माणसे पुतळे होऊन रांगेने उभी होती. राणीने त्या राशींकडे पाहिलेही नाही. तिने कोपऱ्यातला मळका बटवा मागितला. नागाने फणा खाली केला आणि म्हणाला, "हे आजवर कुणी मागितले नाही. घेऊन जा, त्याला वास येतो."

बटव्यात वाळून खडा झालेला एक गोळा होता. राणीने तो नाकाशी नेला आणि तिथेच बसून राहिली. त्यात काय काय आहे ते तिला कुणी सांगावे लागले नाही. शेंगदाण्याची पेंड, नाचणीचे पीठ, भाजलेली मेथी, चिमूटभर हिंग, काकवी. या प्रत्येक जिनसेवरून ती त्याच्याशी भांडली होती.

मग तिने मुदपाकखान्यात स्वतः मेथी भाजली, पेंड कुटली, पीठ मळले. रोज उजाडताना त्याच एका जागी ती मूठभर गोळे टाकी, कारण रोहू ओळखीच्या जागीच निर्धास्त खातो. काही महिन्यांनी तिथे बुडबुडे उठू लागले. तो येत होता. राणीने गळ गोळ्यात नीट लपवून टाकला. देठ थरथरले आणि उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मासा गोळा ओठांनी चाचपी आणि थुंकून टाकी. असे वर्षानुवर्षे चालले. दिवसभर ती आपल्याच बोटांचा वास घेई. दासी उटणे घेऊन येत, ती त्यांना परत पाठवी.

बाराव्या वर्षी खंड्या तिसऱ्यांदा बोलला.

"आमिषात काटा लपवतेस, म्हणून तो थुंकतो. काटा उघडा ठेव. आमिष त्याच्या शेजारी बांध, एका केसावर. तो आमिष ओढून घेईल, काटा आपसूक मागून जाईल."

केस कुणाचा, हे राणीने विचारले नाही. तिने आरसा मागवला. बारा वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते, आणि पांढरा केस पाण्यात पाठवायला तिचे मन घेईना. त्याने काळी वेणी पाहिली होती. आता तो ओळखेल कसा, आणि ओळखले तरी त्याला काय वाटेल? तिने शोधून शोधून तीन काळे केस काढले. पहिला गाठ मारताना तुटला. दुसरा भिजताच तुटला. तिसरा पाण्यात दोऱ्यासारखा उठून दिसला आणि मासा लांबूनच वळला. मग तिने एक पांढरा केस उपटला, गोळा ओवला आणि गळाशेजारी बोटभर अंतरावर बांधला. पाण्यात केस दिसेनासा झाला.

सूर्य उगवला आणि मोरपिसाचे देठ आडवे झाले. मग बुडाले.

वेळू मुठीपर्यंत वाकला, पण मोडला नाही. राणी ओढली जात कमरेएवढ्या पाण्यात उतरली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा रोहू तिच्या हातांत आला. त्याच्या कल्ल्याला राजाची भिकबाळी लटकत होती. तिने ओल्या हातांनी गळ काढला आणि मासा दोन्ही हातांवर उचलून घेतला.

तो मासाच राहिला.

तेव्हा पाण्यातून मांत्रिक वर आला. "राणी, तू जिंकलीस," तो म्हणाला. "स्फटिकाचा हौद बांध. हा तुझ्या हातून खाईल, तुझ्याशी बोलेल, कधी मरणार नाही. रोज तुला दिसेल."

काठावरून प्रधानाने चांदीचे घंगाळ पुढे केले. राणीने माशाकडे पाहिले. बारा वर्षे तिने एवढेच मागितले होते, की तो दिसावा. त्याच्याशी बोलायला तिने तोंड उघडले, आणि तिच्या ध्यानात आले की मासा उचलल्यापासून आपण श्वासच घेतलेला नाही. बोलायचे तर श्वास घ्यावा लागणार, आणि श्वास घेतला की वेळ संपली. तिची छाती फुटायला आली. माशाचे तोंड उघडत होते आणि मिटत होते. तिने त्याला आणखी क्षणभर पाहून घेतले, हात पाण्याखाली नेले आणि सोडून दिले.

मग तिने श्वास घेतला आणि मोठ्याने रडली. प्रधान पाहत होता, सैनिक पाहत होते, तिने ते कुणापासून लपवले नाही.

तेवढ्यात तिच्या कमरेला एक लाट लागली. मग दुसरी. तिसऱ्या लाटेबरोबर समोर राजा उभा होता, भिजलेला, केस तिच्यासारखेच पांढरे.

"'आणि त्याच हातांनी तुला सोडले तर सुटशील,' असे माझे वाक्य होते," मांत्रिक म्हणाला. "कुणी पुरते ऐकून घेतले नाही." आणि तो तळाशी निघून गेला. नावा हलल्या, पाटांना पाणी चढले, पाताळातले पुतळे माणसे होऊन घरोघर परतले, आणि चित्रकाराने आपले अर्धे चित्र स्वतःच पुसले.

राजाने राणीचे हात धरून नाकाशी नेले.

"मेथी जरा जास्त भाजलीस," तो म्हणाला.

मग त्याच ओल्या हातांनी त्याने तिच्या वेणीला हात लावला. या वेळी राणीने वेणी आपणहून पुढे केली. त्यांचे थांबलेले पाणी हलले, तसे तुमचे आमचेही हलो.