भुकेवरचा प्रबंध

“...मग भूक नक्की कुणाचा विषय, भंतेजी?”

सुगत रंगारीने वंदन केलं, मांडी घातली आणि धड टेकायच्या आधीच हे विचारून टाकलं. टेकडी चढताना वाटभर हाच प्रश्न तोंडात धरून आला होता बिचारा.

वैनगंगेच्या काठचा तो लहानसा विहार. म्हातारे भंते रेवत अंगणातल्या पिंपळाखाली एकटेच बसले होते. पात्र धुऊन, पुसून त्यांनी आपल्यापुढे ठेवलं होतं. त्या दिवशी ते खाली वस्तीत भिक्षेला गेले नव्हते. भोजनदान रंगारींच्या घरचं, असं आदल्या दिवशीच ठरलं होतं.

डबा सुगतच्या गुडघ्याशी होता.

“तू काय शिकतोस तिकडे?” भंतेंनी विचारलं.

आता सुगतला हे विचारणं म्हणजे धरणाचं दार उघडणं.

“चार विषय एकत्र, भंतेजी. तत्त्वज्ञान, राजकारण, अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय विकास. एम.ए.ला. इंग्लंडात असं शिकवतात. एकेकटा विषय घेऊन जग कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.”

“आणि चारही घेऊन?”

 सुगतचा गुडघा नुसता हलत राहिला.

खरं दुखणं तिथेच होतं. तो परदेशी निघाला तेव्हा वस्तीच्या चौकात त्याचा कोटातला फोटो लागला होता. अजून तो तिथेच होता, उन्हाने विटलेला. प्रबंधासाठी त्याने हट्टाने ‘भूक’ हा विषय मागून घेतला. आराखड्यावर आराखडे केले, पुस्तकांचे ढीग वाचले, आणि लिहिली एकही ओळ नाही. शेवटी मार्गदर्शक बाईंनी कळवलं होतं की आराखडे पुरे झाले. उद्यापर्यंत पहिलं वाक्य पाठव, नाहीतर दुसरा विषय घे.

एक वाक्य. सुट्टीत घरी येऊन आठवडा झाला होता आणि एक वाक्य जमत नव्हतं. पोरांना जेवू घालून आई नुसतं पाणी पिऊन झोपायची, ते त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. भुकेवर याने नाही लिहायचं तर कुणी? या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की तो जास्त बोलायचा.

“चौघं चार तोंडांनी बोलतात, भंतेजी. प्रबंधाचं पहिलं वाक्य उद्यापर्यंत पाठवायचंय, कुणाचं धरून सुरुवात करू?”

“कोण काय म्हणतं?”

“दाखवतो.”

सुगतने इकडेतिकडे पाहिलं. समोरचं पात्र दिसलं. भंतेंच्या पात्राला असा हात घालायचा नसतो, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण साहेब रंगात आले होते. त्याने पात्र उचललं, दोघांच्या मधोमध ठेवलं आणि स्वतःचा डबा ओढून त्याच्या शेजारी आणला.

“समजा, हा डबा भरलेला आहे.”

“समजतो,” भंते म्हणाले.

“आणि हे पात्र रिकामं.”

“हं.”

“तत्त्वज्ञान विचारतं, रिकाम्या पात्राचा भरल्या डब्यावर हक्क आहे का? की डबेवाल्याने दिलं तर ती फक्त दया?”

भंते डब्याकडे बघत होते. डबा पितळी होता, सकाळी घासल्यासारखा लखलखीत. झाकणाच्या फटीतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

“अर्थशास्त्र म्हणतं, हक्काचं नंतर बघू. अन्न तर आहे. मग ते इथून इथपर्यंत पोचत का नाही?” सुगतने डबा आणि पात्र यांच्यामध्ये बोटाने रेघ ओढली. एक वीत अंतर असेल नसेल.

“का नाही पोचत?”

“त्यावर फार मोठे वाद आहेत.”

“असतील.”

खिशातला फोन थरथरला. सुगतने तो काढला, पाहिला, उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. बाईंचा नव्हता. तो पुन्हा सुरू झाला. दुष्काळ झाले, युद्धं झाली, कुठल्या कुठल्या देशांची गोदामं झाली. पिंपळाची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली. भंते ऐकत होते. मधेच त्यांनी हात पुसून मांडीवर ठेवले, तेही त्याला दिसलं नाही.

“आणि राजकारण?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

“राजकारण म्हणतं, हे सगळं सोडा. डबा कुणाच्या हातात आहे, तेवढं बघा.”

“कुणाच्या हातात आहे?”

“अगदी बरोबर, भंतेजी. हाच तर प्रश्न आहे.” असं म्हणताना सुगतचा तळहात डब्याच्या झाकणावर होता.

“...आणि ते विकासवाले?”

“त्यांचं सगळ्यात नवं आहे. ते म्हणतात, आपण ठरवू नका. आधी पात्राला विचारा, तुला काय हवंय.”

“विचारतात?”

“अहवालात तसं लिहितात.”

भंते हसले. सुगतही हसला. आपलं बोलणं रंगलं, याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“आता मुद्दा असा आहे, भंतेजी, की या चौघांच्याही मधे एक जागा...”

खाली गावात नगरपरिषदेचा भोंगा झाला.

बारा.

भोंगा वाजत राहिला तोवर सुगतचा हात हवेतच होता. मग त्याला सकाळ आठवली. दारात उभी राहून आई डबा देताना म्हणाली होती, “भंतेजीच्या हातात देजो बाबू, नुसता पुढ्यात ठेवू नको. हातात देल्याबिगर ते घेत नाईत. अन् बाराच्या आत. बारा वाजले का मंग पान्याशिवाय काई नाई.” आणि हा चपला घालता घालता म्हणाला होता, “माहीत आहे गं.”

त्याने घाईघाईने डबा उघडला. वर भात, खाली लाखोरीच्या डाळीचं वरण, तळाशी वांग्याची भाजी. दोन्ही हातांत भाताचा कप्पा धरून तो पुढे झाला.

“घ्या, भंतेजी. आत्ताच वाजला. मिनिटही झालं नसेल.”

भंतेंनी पात्र जवळ घेतलं आणि उपरण्यासारखं एक फडकं त्यावर पसरलं.

सुगतचे हात तसेच राहिले.

“तुम्ही काल दुपारपासून...”

भंतेंनी फडक्याचं टोक सारखं केलं.

“एक शब्द बोलला असतात तर...”

“भिक्खू मागत नाही.”

“पण मी समोरच बसलो होतो, भंतेजी.”

“हो,” भंते म्हणाले. “मीही.”

...

पिंपळाची पानं तेवढी हलत होती. सुगतचा गुडघा पहिल्यांदाच थांबला होता.

“अन्न टाकू नये. तू जेव,” भंते म्हणाले.

“मला नाही जाणार.”

“जेव.”

त्याने एक घास घेतला. आईच्या हातचं वरण, पण तो घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. भंतेंनी आपल्या तांब्यातलं पाणी त्याच्याकडे सरकवलं. त्यांनी स्वतःही थोडं प्यायलं आणि तांब्या खाली ठेवला.

पाणी पिणाऱ्या त्या म्हाताऱ्या गळ्याकडे सुगतने पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी आई वाट बघत असणार. डबा हातातून घेण्याआधी ती विचारणार, जेवले ना भंतेजी? आणि मग दाराला टेकून उत्तराची वाट बघणार.

“आईला काय सांगू, भंतेजी?”

भंते उठले. पात्र काखेला लावलं. विहाराच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथे वळून म्हणाले,

“तुझं पहिलं वाक्य.”