हाकेचा खडक

पिंपळटोल्याच्या कॉलेजमागे निंबारी नदीत हा जो काळा खडक उतरला आहे, त्याला आमच्याकडे हाकेचा खडक म्हणतात. या, असे सावलीला बसा. या कॉलेजात गोरगरिबांच्या पोरांना फी पडत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. ती कुणाला पडत नाही, हे या खडकावर ठरतं. असं का, ते माझी आजी सांगायची. तिनंही ते तिच्या सासूकडून ऐकलेलं.

फार मागे इथे आमराई होती. इथल्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, विधवेनं, भागीरथीबाईंनी, ती कॉलेजला दिली. त्यांना मूलबाळ नव्हतं. या काठच्या गावांनी माती वाहिली, विटा भाजल्या, सुगीला घराघरातून धान घातलं, तेव्हा भिंती उभ्या राहिल्या. म्हणून बाईंनी नेम घातला, की ज्याचं घर या काठावर, त्याच्या लेकराला फी नाही. पलीकडच्या काठाचा मालगुजार वेगळा. त्यानं मदत केली नव्हती, आणि त्याचं फळ त्याच्या रयतेला भोगावं लागलं.

पलीकडे बोरटोल्यात बयना नावाची ढिवरीण राहायची. नवरा पुरात गेलेला. तळ्यातले शिंगाडे आणि नदीची मासळी विकून तिनं एकुलत्या लेकीला शिकवलं. लेकीचं नाव दुरपता. ढिवराची पोर मॅट्रिक झाली म्हणून आजूबाजूच्या गावची माणसं तिला बघायला आली होती म्हणे.

बयना तिला घेऊन डोंग्यातून या काठाला आली. कॉलेजच्या दिवाणजींनी विचारलं, "घर कोणत्या काठाला?" बयनानं नदीपलीकडे बोट दाखवलं. दिवाणजी वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी मान हलवली. "बाई, नेम माझा नाही. इकडच्या घरातली पोर असती तर आजच बसवली असती."

त्या दिवशी मायलेकी इथेच, या खडकावर बसून राहिल्या. कापड धुवायला आलेल्या तानाबाई कोष्टिणीनं त्यांना पाहिलं. ती एकटी होती, घरात फक्त माग होता. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "माह्या घरी देतेस काय पोरगी?"

बयनानं लेकीचा हात तानाबाईच्या हातात ठेवला. मग म्हणाली, "देते."

पण गावातली काही माणसं कुरकुरली. नाव इकडचं लावायचं आणि राहायचं तिकडे, असं चालणार नाही म्हणाली. तेव्हा बयना कमरेइतक्या पाण्यात उतरली, ओंजळ भरली आणि सगळ्यांसमोर बोलली, "आजपासून दुरपता तानाबाईची. तिचं शिक्षण पुरं होईस्तोवर मी हा काठ चढणार नाही, ती माह्या काठाला उतरणार नाही. निंबारी मायची आण."

भागीरथीबाई तिथे होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला, पण नेम काही मोडला नाही.

तेव्हापासून रोज दिवस कलायला लागला की बयना पलीकडच्या वाळूत येऊन उभी राहायची आणि हाक घालायची, "दुरपते, जेवली का वं?"

दुरपता या खडकावरून ओरडायची, "जेवली, माय!"

एवढंच. पाण्यावरून तेवढंच पोचायचं. पावसाळ्यात नदी फुगली की तेही ऐकू यायचं नाही. मग दोघी नुसत्या उभ्या राहायच्या, आपापल्या काठाला, एवढ्याएवढ्याशा दिसत.

शेवटच्या वर्षी हिवाळ्यात बयनाला खोकला लागला. हाकेच्या आधी खोकला, हाकेच्या नंतर खोकला. दुरपता तानाबाईला म्हणाली, "मी जाऊन येते." तानाबाई म्हणाली, "जा, मी कुणाला सांगत नाही." दुरपता डोंग्यापर्यंत गेली. पण पलीकडून बयनानं तिला पाहिलं आणि दोन्ही हात असे जोरजोरानं हलवले, की पोरीला पाय मागे घ्यावा लागला.

पुढे एका संध्याकाळी हाक आली ती स्वच्छ आली. खोकला नव्हता. तानाबाईनं हात जोडले. "उतार पडला वं तुह्या मायला." दुरपतानं नेहमीसारखं "जेवली, माय" म्हटलं आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. त्या दिवशी ती जेवली नव्हती, असं तानाबाई पुढे सांगायची.

परीक्षा संपली त्याच दुपारी दुरपता डोंग्यात बसली. पलीकडच्या वाळूत तिची मावशी रायजा उभी होती, मायचं लुगडं नेसून. दुरपता जवळ आली तशी मावशीनं तिचे दोन्ही हात धरले. "तिनंच शपथ घातली होती वं. पेपर होईस्तोवर सांगू नका, हाक थांबवू नका म्हणाली. तिला वळणापलीकडे नेलं आम्ही, तुला धूर दिसू नये म्हणून."

दुरपता म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं, मावशी. मायचा खोकला तसा जाणारा नव्हता."

"मग तू उत्तर कावून देत होतीस?"

"मी उत्तर दिलं नसतं तर तू हाक घालणं थांबवलं असतंस."

दोघी तिथेच बसून रडल्या. हे नावाड्यानं पाहिलं आणि त्यानं या काठाला येऊन सांगितलं. ऐकून भागीरथीबाई मेण्यात न बसता चालत या खडकावर आल्या, असं म्हणतात. फार थकल्या होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत नेम बदलला. या खडकावर जिथून हाक पोचेल, तिथल्या लेकराला फी नाही.

त्यांना वाटलं, आता पलीकडचं बोरटोला नेमात आलं. पण पुढल्या वर्षी नवल घडलं. बोरटोल्याच्या मागच्या गावातल्या एका बाईनं आपल्या पोराचं नाव घेऊन हाक घातली. ती बोरटोल्याच्या बायांनी ऐकली आणि नदीवर येऊन पुढे घातली. त्याच्या पुढल्या वर्षी त्याहून मागच्या गावानं घातली, मग जंगलातल्या टोल्यांनी, लहानलहान वस्त्यांनी. एका गावानं ऐकायची आणि दुसऱ्यापर्यंत पोचवायची. दिवाणजींनी विचारलं, हे नेमात बसतं का? दुरपता तेव्हा इथेच शिकवायला लागली होती. ती म्हणाली, "हाक पोचली ना?"

ती म्हातारी होईपर्यंत दर वर्षी या खडकावर उभी राहिली. प्रत्येक नावाला "आली" किंवा "आला" म्हणून उत्तर द्यायची. सगळ्या हाका संपल्या, पोरं आत गेली, तरी ती हलायची नाही. पलीकडच्या वाळूकडे बघत राहायची. कुणी तिला "चला बाई" म्हणत नसे.

आता पूल झाला आहे, घरोघर फोन आहेत. पण आजही कॉलेज उघडायच्या दिवशी रानातून हाका निघतात, गावागावातून वाट काढत या खडकावर येतात, आणि नाव पोचलं की त्या लेकराला आत घेतात. शेवटचं नाव होऊन गेलं तरी आजही कुणी लगेच हलत नाही. सगळे पलीकडे तोंड करून उभे राहतात.

मग कुणीतरी एक जण हळूच म्हणतं, "जेवली, माय." आणि मगच कॉलेजची घंटा होते.