बोटभर कापलेली नळी

एकदा एक तरुण नेमबाज आपल्याच रायफलीवर इतका भडकला, की ती बाकावर आदळायचीच काय ती बाकी राहिली. कित्येक आठवडे त्याच्या गोळ्या वाटेल तिकडे भरकटत होत्या. राज्य स्पर्धेसाठी तो सराव करत असलेल्या मैदानावरून एकच नाव पाठवायचे होते. कोणाचे, हे त्याला शिकवणारे वृद्ध गुरू ठरवणार होते, आणि या टुकार नळीपायी आपली संधी हातची जाणार, या विचाराने शिष्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्यातच एक व्यापारी आला आणि त्याने तीन नव्या नळ्या मांडल्या. गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा प्रत्येकीत होत्या, पण त्या पाडण्याची रीत निराळी होती. पहिलीत कठीण सळईभोवती पोलाद बाहेरून ठोकून खाचा उमटवल्या होत्या. दुसरीच्या छिद्रातून खाचांचा ठसा असलेली एक टणक गुंडी दाबत नेली होती. तिसरीत एकेक खाच हत्याराने, अगदी पातळ थर काढत कापली होती.

"तिसरी बसवा," व्यापारी म्हणाला, "मग तुमच्यापुढे कोण टिकतो ते बघू!"

शिष्य तणतणत गुरूंकडे गेला. "गुरुजी, ही नळी मला बुडवते आहे. मला तिसरी हवी. आजच्या आज!"

गुरूंनी रायफल घेतली, ती रिकामी असल्याची खात्री केली आणि नळीच्या तोंडाला डोळा लावला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी नळी काढली, कार्यशाळेतल्या लेथवर चढवली आणि टोकाचा बोटभर तुकडा सरळ कापून टाकला.

"अहो, हे काय केलंत?" शिष्य किंचाळला. "होती नव्हती ती नळीसुद्धा वाया घालवलीत! माझं नाव पाठवायचं नसेल, तर तोंडावर सांगा ना!"

"गप्प बस!" गुरू कडाडले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. त्यांनी कापलेला तुकडा त्याच्या हातावर आपटला. "हा काठ बघ. एका बाजूला झिजलाय, दिसतंय? नळी सोडताना गोळीला शेवटचा स्पर्श याचा होतो. तो वेडावाकडा असला, की मागची सगळी कारागिरी मातीत. नळी साफ करताना तोंडाकडून लोखंडी गज घालू नकोस, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तुझा नेम चुकला, की तू दात-ओठ खात नळी घासायला बसायचास. चूक तुझी आणि शिक्षा तिला! पोलाद मुकं आहे म्हणून काय वाटेल ते करशील?"

शिष्याने त्या झिजलेल्या काठावरून बोट फिरवले.

"त्या तिन्ही नळ्या चांगल्या आहेत," गुरू थोडे शांत होत म्हणाले. "ठोकलेली जास्त टिकते. दाबलेली आतून गुळगुळीत असते. कापलेलीच्या पोलादावर ताण कमी येतो. पण त्यांच्यातला फरक नखाएवढा, आणि तुझ्या गोळ्या चार बोटं भरकटतात. तुझ्या गोळ्या नखाएवढ्याच भरकटू लागल्या, की मीच तुला नवी नळी घ्यायला लावीन. आज घेतलीस, तर तिचंही तोंड असंच फोडशील."

त्यांनी नवा काठ गोल, स्वच्छ करून दिला आणि रायफल पुन्हा जोडली. शिष्य धुमसतच मैदानावर उतरला. पहिल्या गोळ्या एकमेकींना खेटून बसल्या. त्याला आनंद होण्याऐवजी स्वतःचा संताप आला, आणि त्या संतापात सुटलेली पुढची गोळी लांब डावीकडे गेली.

तो गर्रकन वळला. चिडायला समोर कोणीच नव्हते. नळी निर्दोष होती, व्यापारी निघून गेला होता आणि गुरू नुसते पाहत होते. त्याने रायफल हळूच खाली ठेवली.

"ही माझी, गुरुजी," तो कसाबसा म्हणाला. "ही चूक माझी."

गुरूंनी खिशातून पेन काढले आणि स्पर्धेच्या अर्जावर इतके दिवस कोऱ्या ठेवलेल्या जागी त्याचे नाव लिहिले.

आपणही रोज काही ना काही बदलायला निघतो. बदलावे जरूर, पण आधी आपला हात तपासावा.