देवळात ठेवलेली तिकाठी

चैत्र वद्य पंचमीचा दिवस. ऊन रणरणतं, वारा पडलेला. डोंगराच्या पायथ्याशी चौतीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. तिथला म्हातारा वस्ताद त्या सकाळी गेला.

वस्ताद मूळचा गवंडी. तो गावात आला तेव्हा दर पावसाळ्यात डोंगराची माती वाहून जाई. त्यानं दोन काठ्या वरच्या टोकाला बांधल्या, मध्ये तिसरी आडवी बांधली आणि वरून दोरीला दगड टांगला. या तिकाठीचे पाय उतारावर टेकवायचे. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेशी आली, की दोन्ही पाय एका पातळीत. तशी रेघ आखत जायचं, रेघेवर चर खोदायचा आणि निघालेल्या मातीचा खालच्या अंगाला बांध घालायचा. मग पाणी पळत नसे, चरातच मुरे. बाया, गडी, ज्याला हौस त्याला वस्तादानं हे शिकवलं. सगळ्यांत तरबेज झाली शेळ्या राखणारी द्रुपदा. गावच्या विहिरीला लागूनच तिचं नाचणीचं वावर होतं.

“काठ्या कुठल्याही झाडाच्या चालतात गं,” वस्ताद तिला म्हणायचा, “हात तेवढा चालता ठेव.”

गावानं वस्तादाचं कार्य मनापासून केलं. तेराव्याला त्याची तिकाठी वाजतगाजत देवळात नेली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला.

वैशाखात विहिरीच्या वरचा शेवटचा चर खोदायचा होता. तिकाठी देवळात, म्हणून गड्यांनी नजरेनंच रेघ मारली आणि कुदळी घातल्या. द्रुपदाला ती रेघ खटकली. ती देवळात गेली.

“गुरवबाबा, तासाभरासाठी तिकाठी द्या.”

“अगं, खुळी का काय तू? देवाशेजारची वस्तू चिखलात नेतात होय?”

“वस्ताद तर रोज चिखलातच न्यायचे.”

“ते वस्ताद होते. पाया पड आणि नीघ.”

द्रुपदानं रानातल्या निरगुडीच्या काठ्या तोडल्या, दोरी वळली, दगड बांधला. शेळ्या चरत असताना तिनं अख्खा चर मोजून काढला. मग पारावर बसलेल्या पाटलांसमोर जाऊन उभी राहिली.

“पाटील, चर एका पातळीत नाही. विहिरीच्या अंगाला हातभर खाली गेलाय. सगळं पाणी त्या टोकाला धावंल आणि बांध फोडंल. माझं वावर जाईल, विहीर जाईल.”

“कशानं मोजलंस?”

तिनं आपली तिकाठी दाखवली. पारावरचे सगळे खदखदून हसले.

“शेळ्या हाकायची काठी ती!” एक जण म्हणाला. “आता द्रुपदा वस्ताद म्हणायचं का हिला?”

“त्यांची बरोबरी करू नये, बाई,” पाटील समजावणीच्या सुरात म्हणाले. “पंधरा वर्षं आम्ही त्यांच्या हाताखाली खोदलंय. आमची नजर बसलीय.”

द्रुपदा घरी आली. इतकी शहाणी माणसं एकमुखानं बोलतात, म्हणजे आपलीच दोरी तिरकी असेल, असं तिला वाटू लागलं. पुन्हा मोजायला ती गेली नाही, पुन्हा बोललीही नाही. काठ्या तिनं चुलीत घातल्या.

आषाढ शुद्ध नवमीला दुपारी पावसानं जोर धरला, तो दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत उतरला नाही. चरातलं पाणी खालच्या टोकाला धावलं आणि बांध फुटला.

पाऊस ओसरल्यावर पाटील विहिरीपाशी आले. द्रुपदा तिथंच बसली होती. समोर वावराच्या जागी नुसता खडक उघडा पडला होता.

“तू तेव्हा जोर देऊन का बोलली नाहीस गं?” पाटलांनी विचारलं.

“वस्तादांना एकदाच बोलावं लागायचं, पाटील,” ती म्हणाली. “मी किती वेळा बोलायला हवं होतं?”



विहीर काठापर्यंत गाळानं भरली. अकरा वावरांची माती गेली. कार्तिकापर्यंत चौतीसपैकी एकोणीस घरांनी गाव सोडलं. त्यांत पहिलं घर द्रुपदाचं होतं.

तात्पर्य एवढंच: शिकवणाऱ्याच्या अवजाराची पूजा करून विद्या टिकत नाही, गावात जो शिकला, त्याच्या शब्दाला मान आणि हाताला काम दिलं तरच ती गावाच्या उपयोगी पडते.