शर्यत मंडळातली नवी जागा

माळावरच्या शर्यत मंडळात पळणाऱ्याची एक जागा वाढली, तेव्हाची गोष्ट. चिटणीस सशाकडे दोघं आली. भेकर ओढा पोहून आलं आणि त्याने वाऱ्यासारखं पळून दाखवलं.

“तुझी शर्यत बघायला येणार कोण?” सशाने विचारलं.

“आई येईल,” भेकर म्हणालं.

चंद्री म्हैस चालतानाच धापा टाकत होती, पण तिच्यामागे साठ म्हशींचा कळप होता. “अहाहा, काय गर्दी!” म्हणत सशाने तिलाच घेतलं.

शर्यतीच्या दिवशी चार पावलांवर चंद्री तळ्यात बसली. पाठोपाठ अख्खा कळप बसला. पळणाऱ्यांकडे कुणी ढुंकूनही बघेना.

“आता काय करायचं, चिटणीस?” अध्यक्ष कोल्ह्याने विचारलं.

“एवढे प्रेक्षक सोडायचे कसे?” ससा म्हणाला.

पुढची शर्यत तळ्यातच आहे. ससा रोज पोहायला शिकतोय. शिकवायला भेकर येतं.