न पळणारा मासा

तळ्यातले जीव एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. लहान मासे खाऊन गुटगुटीत झालेल्या मरळ जातीच्या एका मासोळीबाईला आपल्या नजरेचा भारी तोरा होता. नुसती शेपटी हलली, तरी मळ्या जातीचा मासा कोणता आणि मुऱ्या जातीचा कोणता, हे ती लांबून सांगायची.

एका सकाळी कमळाच्या पानांखाली तिला नवाच मासा दिसला. अंगाने भरलेला, चांदीसारखा लखलखीत. बाकीचे मासे तिला बघताच पसार झाले, हा मात्र तिच्याच पुढ्यात नाचू लागला.

"खेकडेभाऊ, हा हो कुठल्या जातीचा?"

"कुणास ठाऊक! पण मरळताई, हा पळाला कसा नाही?"

"त्याला माझी किंमत कळली असेल," मरळ लाजत म्हणाली आणि आ वासून पुढे झाली.

अगदी जवळ जाताच तिला त्याचा डोळा दिसला. आजवरच्या प्रत्येक घासाच्या डोळ्यात तिने भीती पाहिली होती. इथे नुसता रंगाचा ठिपका होता. ती गर्रकन मागे वळली. त्याच क्षणी वरून दोरी खेचली गेली आणि त्या माशाच्या पोटाखालचा गळ तिच्या कल्ल्याला खरचटून गेला.

"मग, कुठल्या जातीचा निघाला?" खेकड्याने विचारलं.

"माझ्याच," मरळ धापा टाकत म्हणाली. "तोही शिकारीलाच आला होता."