उदमांजराने मर्लो चाखली

फार पूर्वी, शुद्धीवर राहण्याचा जनावरांचा फारसा आग्रह नव्हता तेव्हाची ही गोष्ट. वाघीणबाईंच्या बछड्याचं बारसं ठरलं आणि पाहुण्यांसाठी स्वस्तातली मर्लो वाइन हवी होती. रानडुकराने माळावरच्या द्राक्षांची आणली, साळिंदराने नदीकाठची, माकडाने डोंगरावरची. निवड करायला बसलं दगडोबा उदमांजर. आपल्या जिभेचा त्याला भारी गर्व. चाखून थुंकायचं असतं म्हणे, पण दगडोबा म्हणाला, "थुंकणं हा द्राक्षांचा अपमान आहे."

रानडुकराची वाइन पिऊन त्याने तोंड वाकडं केलं. "ओल्या गोणपाटाची चव! दहापैकी दोन." साळिंदराला त्याने मान डोलावत सहा दिले. माकडाची प्यायला आणि त्याचे डोळेच भरून आले. "दहापैकी दहा! आईची आठवण झाली रे!"

रानडुक्कर भडकलं. "आता उलट्या क्रमाने चाखा!"

दगडोबा एक झोप काढून पुन्हा बसला. या खेपेला माकडाची वाइन त्याला गोणपाटासारखी लागली आणि शेवटी तो रानडुकराच्या गळ्यात पडून रडला.

"अहो, मग बारशाला कोणाची आणू?" वाघीणबाईंनी विचारलं.

दगडोबाला आपल्या जिभेची पहिल्यांदाच शंका आली. पण कबूल केलं तर मान जाणार. तो खाकरून म्हणाला, "मी शेवटी चाखेन ती."

झालं! तिघंही "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत एकमेकांना पुढे ढकलू लागले. एवढा सभ्यपणा त्या जंगलाने कधी पाहिला नव्हता. बारसं कोरडंच उरकलं, बछडा चालायला लागला, तरी तिसऱ्या खेपेचा पहिला बुधला अजून उघडायचाच होता.